डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदा जाताय? मग राहायचं कुठे ते असं ठरवा

ऑरलँडोची ट्रिप ठरली की घरात पहिली वादावादी हॉटेलवरून होते. एक जण म्हणतो खोलीत काय फक्त झोपायलाच तर जाणार, मिळेल ते स्वस्त घ्या, दुसऱ्याचं म्हणणं एवढा खर्च करतोच आहोत तर डिस्नेच्याच हॉटेलात राहू, आणि मुलांना फक्त पूलला घसरगुंडी आहे का एवढंच कळायला हवं असतं. आम्ही डिस्नेच्या आत पण राहिलोय आणि बाहेर पण, आणि आता कोणी विचारलं की मी आधी एकच प्रश्न विचारते: खोलीच्या दारापासून पार्कच्या गेटपर्यंत पोचायला किती वेळ लागणार, आणि तोच प्रवास भर दुपारी, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन, उलटा करता येईल का? याचं उत्तर मिळालं की निम्मी हॉटेलं यादीतून आपोआप गळतात. फोटो, स्टार, लॉबीतलं झुंबर वगैरे सगळं त्यानंतर.

खाली लिहिलेले नियम २०२५ पर्यंतचे आहेत, डिस्नेवाले दर थोड्या दिवसांनी काहीतरी बदलत असतात तेव्हा पैसे भरायच्या आधी त्यांच्या साइटवर एकदा बघून घ्या.

१. आधी पार्क आणि दिवस, मग हॉटेल

बरेच जण उलटं करतात, आधी हॉटेलची डील दिसते म्हणून बुक करतात आणि मग पार्क कुठे आहेत ते बघतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाहीये. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम सुरू झालं, १९८२ मध्ये एपकॉट आलं, १९८९ मध्ये आत्ताचं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. चार पार्क, चार वेगळी गेटं, वर दोन वॉटर पार्क आणि डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा खाण्या-खरेदीचा भाग, हे सगळं साधारण ४० चौरस मैलांत पसरलेलं. त्यामुळे "पार्कच्या जवळ" असं कुठल्या हॉटेलनं लिहिलं की पहिला प्रश्न, कुठल्या पार्कच्या?

एक कागद घ्या आणि कुठल्या दिवशी कुठला पार्क ते ढोबळ लिहून काढा. लहान मुलं असतील (साधारण सात-आठ वर्षांपर्यंतची) तर मॅजिक किंगडमला दोन दिवस जातातच. मोठी असतील तर हॉलिवूड स्टुडिओजचा स्टार वॉर्सचा भाग आणि मोठ्या राइड्स आल्या. युनिव्हर्सल ही वेगळी कंपनी आहे आणि तिची पार्कं वेगळीकडे आहेत, तिथेही जायचं असेल तर ते आत्ताच लिहा, कारण त्यानं हॉटेलचं गणित बदलतं (सातवा मुद्दा बघा).

तिकिटांबद्दल इथेच सांगते, ३ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, ३ ते ९ ला मुलांचा दर, १० पूर्ण झाली की मोठ्यांचा. आणि ऑगस्ट ते डिसेंबरच्या दरम्यान मॅजिक किंगडमला ठरावीक रात्री हॅलोविन किंवा ख्रिसमसच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या असतात, त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. रात्रीचे फटाके बघायचेत म्हणून जवळचं महागडं हॉटेल घ्यायचं आणि नेमकी ती रात्र पार्टीची निघायची, असं व्हायला नको.

२. माणसं मोजा, मग पलंग मोजा

"फॅमिली रूम" या शब्दावर जाऊ नका, साइटवर जास्तीत जास्त किती माणसं चालतात तो आकडा बघा. डिस्नेच्या बहुतेक साध्या खोल्या चार जणांच्या आहेत. ३ वर्षांखालचं बाळ पाळण्यात झोपणार असेल तर ते सहसा पाचवं म्हणून धरत नाहीत. पण पाच जण असाल आणि धाकटा चार वर्षांचा असेल तर साध्या खोलीत बसत नाही. मग पर्याय असे:

– पोर्ट ऑर्लीन्स रिव्हरसाइड आणि कॅरिबियन बीच इथल्या काही खोल्या पाच जणांच्या आहेत, पाचवा पलंग छोटा असतो, मुलापुरता.
– आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिक इथे फॅमिली सूट मिळतात, सहा जणांचे, दोन बाथरूमवाले. सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढायचंय तेव्हा दुसऱ्या बाथरूमची किंमत कळते, मी तर म्हणेन पूल नसला तरी चालेल पण दुसरं बाथरूम हवं.
– दोन खोल्या घ्यायच्या. मात्र मधून दार असलेल्या खोल्या हव्यात असं स्पष्ट सांगा, नुसत्या शेजारशेजारच्या मिळाल्या तर एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बाबा अशी वाटणी होते.

खोलीचा आकार पण बघा. डिस्नेच्या सगळ्यात स्वस्त गटातली, म्हणजे व्हॅल्यू हॉटेलांतली खोली साधारण २६० चौरस फूट, त्यावरच्या मॉडरेट गटात ३१४ च्या आसपास. पॉप सेंच्युरीच्या खोलीत एक डबल बेड असतो आणि दुसरा भिंतीतून खाली ओढायचा, तो वर असताना त्याच जागी टेबल असतं. म्हणजे मुलं झोपली की टेबल गेलं. रात्री बसून काही खायचं असेल, लॅपटॉप उघडायचा असेल तर मांडीवर. बॅगा, स्ट्रोलर (बाबागाडी), ओले कपडे हे सगळं त्याच २६० फुटांत. चार जणांना जमतं, पण सगळे शहाण्यासारखे वागले तर.

आजी-आजोबा बरोबर असतील तर लिफ्टचं विचारा. कॅरिबियन बीच आणि रिव्हरसाइडचा अ‍ॅलिगेटर बायू भाग इथल्या इमारती दोन मजली आहेत आणि लिफ्ट नाही, तळमजला मागून घ्यावा लागतो. शिवाय ही दोन्ही हॉटेलं एवढी पसरलेली आहेत की खोलीपासून खाण्याच्या जागेपर्यंतच चांगली रपेट होते. गुडघे दुखणारं कोणी असेल तर पोर्ट ऑर्लीन्स फ्रेंच क्वार्टर बघा, आटोपशीर आहे आणि बसचा थांबा एकच.

३. नकाशावर पाच तुकडे पाडा

ऑरलँडो हे नाव बघून शहराच्या मध्यात हॉटेल घेऊ नका, डिस्ने तिथून बरंच नैऋत्येला आहे. विमानतळापासूनच ते वीसेक मैल पडतं. राहण्यासाठी खरे भाग हे:

डिस्नेच्या हद्दीत. कंपनीची स्वतःची पंचवीसच्या वर हॉटेलं, व्हॅल्यू, मॉडरेट, डिलक्स आणि व्हिला अशा गटांत, शिवाय फोर्ट वाइल्डरनेसला तंबू-केबिन.

डिस्ने स्प्रिंग्ज, लेक ब्युएना व्हिस्टा आणि बॉनेट क्रीक. डिस्नेची नसलेली पण अगदी लागून असलेली हॉटेलं. बॉनेट क्रीक तर तीन बाजूंनी डिस्नेच्या जमिनीनं वेढलंय. बाहेर राहायचं तर मी आधी इथे बघेन.

फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज. पश्चिम टोकाला, नव्या हॉटेलांचा पुंजका, बऱ्याच खोल्यांत छोटं किचन. गाडी असेल तर छान.

किसिमी आणि हायवे १९२. सगळ्यात स्वस्त, पण रस्ता लांबच लांब आहे, एक हॉटेल डिस्नेला चिकटून तर दुसरं त्याच रस्त्यावर बरंच लांब, पत्त्यात दोघांच्याही किसिमीच. नकाशात टाकल्याशिवाय कळत नाही.

डेव्हनपोर्ट, चॅम्पियन्सगेट. इथे अख्खी घरं भाड्यानं मिळतात, स्वतःचा पूल असलेली. दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर माणशी खर्च खूपच कमी येतो.

(इंटरनॅशनल ड्राइव्ह हा भाग युनिव्हर्सलला बरा, डिस्नेला रोज तिथून ये-जा म्हणजे रोज आय-४ हायवे, आणि आय-४ चा ट्रॅफिक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

४. दार ते गेट, हे गणित खरोखर कागदावर मांडा

नकाशा म्हणतो "पार्क १२ मिनिटं". ती १२ मिनिटं पार्किंगच्या बूथपर्यंतची. समजा तुम्ही बाहेर राहताय आणि मॅजिक किंगडमला चाललाय. खोलीतून निघालात, मुलांना सीटमध्ये बांधलंत, स्ट्रोलर डिकीत टाकलात, गाडी चालवलीत, पार्किंगच्या रांगेत थांबलात, गाडी लावलीत, ट्रामनं किंवा चालत ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला आलात, सिक्युरिटी झाली. आणि अजून तुम्ही पार्कला पोचलेलाच नाही! कारण मॅजिक किंगडम तळ्याच्या पलीकडे आहे, तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट घ्यायची. बारा मिनिटांचा सहज तासभर होतो. डिस्नेच्या हॉटेलातून येणारी बस मात्र हे सगळं टाळून थेट मॅजिक किंगडमच्या गेटाजवळ सोडते. बाकी तीन पार्कांचं पार्किंग गेटासमोरच आहे, तिथे बाहेरून येणाऱ्याचं फार नुकसान नाही. म्हणजे तुमच्या कागदावर मॅजिक किंगडमचे दिवस जितके जास्त तितका आत राहण्याचा फायदा जास्त.

आता दुपारचं. जून ते सप्टेंबर फ्लोरिडात दुपारी बहुतेक रोज गडगडाटी पाऊस येतो, त्याआधी ऊन असं की मुलं रडकुंडीला येतात. ज्यांना एक-दीडला खोलीवर जाऊन मुलांना झोपवून पाचला ताज्या दमानं परत येता येतं त्यांचा दिवस रात्रीच्या फटाक्यांपर्यंत टिकतो, बाकीचे चार वाजता आइस्क्रीमच्या रांगेत भांडत असतात. पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे दुपारचं परत येणं डोक्यात ठेवूनच हॉटेल निवडा, मुलं मोठी असतील तर या मुद्द्याला एवढं वजन देऊ नका.

५. आत राहायचं ठरलं तर कुठलं

आधी आत राहिल्यानं मिळतं काय ते बघू, कारण याबद्दल जुनी माहिती खूप फिरत असते.

रोज, चारही पार्कांत, बाकीच्यांच्या ३० मिनिटं आधी प्रवेश. अर्धा तास ऐकायला कमी वाटतो पण सकाळच्या त्या वेळात एक-दोन मोठ्या राइड्स पटकन होतात ज्यांना नंतर तासाची रांग असते. अर्थात त्यासाठी त्याहूनही आधी गेटावर उभं राहायला हवं, मुलं सकाळी उठतच नसतील तर हा फायदा कागदावरच राहणार. डिलक्स आणि व्हिलावाल्यांना ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावर दोन तास जास्त मिळतात. लायटनिंग लेन, म्हणजे पैसे देऊन छोट्या रांगेतून जायची सोय, ती आत राहणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ७ दिवस आधी अख्ख्या मुक्कामासाठी बुक करता येते, बाहेरच्यांना त्या-त्या दिवसाच्या ३ दिवस आधी. रेस्टॉरंटचं बुकिंग सगळ्यांना ६० दिवस आधी उघडतं पण आत राहणाऱ्यांना त्याच दिवशी मुक्कामाच्या पुढच्या १० दिवसांपर्यंतचं करता येतं. पार्कांत आणि हॉटेलात पार्किंग फुकट.

काय मिळत नाही ते पण ऐका. विमानतळावरून फुकट नेणारी डिस्नेची बस २०२१ संपताना बंद झाली. अजूनही लोक तिच्या भरवशावर उतरतात. आता पैसे देऊन शटल, टॅक्सी किंवा उबर.

मग हॉटेल निवडताना थीम बघण्याआधी त्या हॉटेलातून गाडी-बोट-पाळणा यातलं काय निघतं ते बघा:

मोनोरेल: कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन. मॅजिक किंगडमला चालतही जाता येतं, कंटेम्पररीपासून तर दहा मिनिटांत. महाग, खूपच महाग. पण पार्कचे दोनच दिवस असतील आणि दोन्ही मॅजिक किंगडमचे, तर तिथे दोन रात्री काढणं काही वेडेपणा नाही.

स्कायलायनर: २०१९ मध्ये सुरू झालेले, तारेवरून जाणारे हवेतले पाळणे, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जातात. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन यांचं एक सामायिक स्टेशन, पुढे कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा. यातली पॉप सेंच्युरी व्हॅल्यू गटात आहे, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या चौकोनी कुटुंबाला मी बहुतेक वेळा हेच नाव सांगते. एक भानगड आहे, वीज चमकायला लागली की पाळणे थांबतात आणि मग सगळे एकदम बसच्या रांगेत.

चालत: यॉट क्लब, बीच क्लब, बोर्डवॉक. एपकॉटच्या मागच्या गेटातून आत, आणि हॉलिवूड स्टुडिओजही पायी जमतं.

नुसती बस: ऑल-स्टारची तिन्ही हॉटेलं, कोरोनाडो स्प्रिंग्ज, अ‍ॅनिमल किंगडम लॉज. लॉजच्या काही खोल्यांच्या गॅलरीतून खरे जिराफ-झेब्रे दिसतात, मुलं वेडी होतात, पण नाव अ‍ॅनिमल किंगडम असलं तरी पार्कला जायला बसच लागते. तसंही अ‍ॅनिमल किंगडमला कुठल्याही हॉटेलातून बसशिवाय काही जात नाही.

आणि एक गोष्ट जी पहिल्या दिवशी बसमध्ये चढतानाच कळते: बसमध्ये स्ट्रोलर मिटावा लागतो. रात्री दहाला, एक मूल कडेवर झोपलेलं, दुसऱ्याच्या हातात फुगा, स्ट्रोलरच्या खाली कोंबलेल्या बाटल्या-जर्किनं-टोप्या सगळं काढा, मिटा, आणि मागची रांग तुमच्याकडे बघतेय. स्कायलायनर आणि मोनोरेलमध्ये स्ट्रोलर तसाच ढकलत नेता येतो. स्ट्रोलरवालं मूल असेल तर फक्त एवढ्यासाठी सुद्धा मी व्हॅल्यूतल्या बसवाल्या हॉटेलपेक्षा थोडे जास्त देऊन पाळण्यावालं घेईन. (स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब याच्या वर चालत नाही, आणि ओढायच्या वॅगनला बंदी आहे.)

पैसे वाचवायचे आणि व्हिलात किचनसह राहायचं असेल तर डिस्नेच्या व्हेकेशन क्लबच्या सभासदांचे पॉइंट भाड्यानं घेऊन बुक करता येतं. दर बराच कमी पडतो, पण असं बुकिंग सहसा कॅन्सल होत नाही. मुलं आजारी पडायची वयं असतील तर विचार करून.

६. बाहेर राहायचं ठरलं तर

बाहेर राहणं म्हणजे कमीपणा अजिबात नाही. मोठं कुटुंब, स्वतःची किंवा भाड्याची गाडी, मुलं आठ-दहाच्या पुढची, आणि मधे पार्कशिवायचे दिवस, असं असेल तर आत राहण्यात फारसं हशील नाही. किचन मिळतं, वेगळ्या बेडरूम मिळतात, मुलं झोपल्यावर मोठ्यांना अंधारात मोबाइल बघत बसावं लागत नाही.

पण हे विचारल्याशिवाय बुक करू नका:

फुकट शटल आहे असं लिहिलंय, ती दिवसातून किती वेळा सुटते आणि रात्रीची शेवटची कधी? काही ठिकाणी सकाळी दोन आणि रात्री दोन फेऱ्या एवढंच असतं, जागा आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, आणि सोडतात फक्त तिकीट सेंटरला, तिथून इतर पार्कांना तुमचं तुम्ही जा. दुपारी परत येणं विसराच.

रिसॉर्ट फी किती? डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत ती नसते, बाहेर बऱ्याच ठिकाणी रोजची लावतात. २०२५ च्या मे पासून अमेरिकेत असा नियम आलाय की सक्तीची फी धरूनच दर दाखवायचा, त्यामुळे आता फसगत कमी होते, पण सरकारी कर आणि पार्किंग वेगळं असू शकतं.

घर भाड्यानं घेताय तर साफसफाईची फी आणि पूल गरम करायचे पैसे वेगळे असतात का? हिवाळ्यात जाणार असाल तर पूल गरम न करता मुलं पाय बुडवून पळून येतात. लहान मूल असेल तर पूलभोवती जाळी किंवा दाराला अलार्म आहे का हे फोटोवर न जाता लेखी विचारा. आणि पैसे बँकेत ट्रान्सफर करा, म्हणजे सूट देतो, असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा, पैसे साइटमधूनच आणि क्रेडिट कार्डानंच.

गाडी नसेल तर उबरवर अवलंबून राहता येतं, पण फ्लोरिडाच्या कायद्यानं ५ वर्षांपर्यंतच्या मुलाला कारमध्ये योग्य सीट लागते, आणि गाडीत ती असेलच असं नाही. घडी होणारी बूस्टर सीट बरोबर नेलीत तर ती दिवसभर पार्कात कोण वागवणार, हाही प्रश्न आहेच.

७. युनिव्हर्सल पण करायचं असेल तर

दोन्हीकडच्या पार्कांना एकाच हॉटेलातून रोज ये-जा करू नका, मुक्काम तोडा. डिस्नेचे दिवस डिस्नेजवळ, मग बॅगा उचलून युनिव्हर्सलला. त्यांची तीन महागडी हॉटेलं, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, इथे राहणाऱ्यांना युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या दोन पार्कांत एक्स्प्रेस रांगेचा पास खोलीबरोबरच मिळतो, आणि गंमत म्हणजे चेक-इनचा आणि चेक-आउटचा दोन्ही दिवस धरतात. एक रात्र राहा, दोन दिवस पास. चौघांचे पास वेगळे विकत घेतले तर किती होतात ते बघा आणि मग खोलीचा दर बघा, पुष्कळदा खोलीच स्वस्त पडते. मात्र २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला हा पास चालत नाही, आणि तो पार्क बाकीच्यांपासून काही मैल लांब आहे. मुख्य आकर्षण एपिक असेल तर त्याच्या बाजूची हेलिओस ग्रँड, स्टेला नोव्हा किंवा टेरा लुना बघा. युनिव्हर्सलच्या हॉटेलांत रात्रीचं पार्किंग फुकट नाही, तेही धरा.

८. रात्रीचा दर नको, मुक्कामाचा पूर्ण आकडा काढा

प्रत्येक हॉटेलसमोर हे लिहून बेरीज करा:

– खोलीचं भाडं, कर धरून. ऑरेंज काउंटीत १२.५ टक्के, ऑसिओला काउंटीत १३.५ टक्के. ऑल-स्टार हॉटेलं ऑसिओलात येतात.
– रिसॉर्ट फी, हॉटेलचं पार्किंग
– पार्कचं पार्किंग, बाहेरून येणाऱ्याला दिवसाला निदान ३० डॉलर
– गाडीचं भाडं, पेट्रोल, टोल, किंवा उबरचे अंदाजे पैसे
– विमानतळ ते हॉटेल आणि परत
– सकाळचा नाश्ता हॉटेलात मिळतो की नाही

ही बेरीज केली की रात्रीला ८० डॉलरनं स्वस्त वाटणारं बाहेरचं हॉटेल कधी कधी फक्त ३० नं स्वस्त निघतं. आणि कधी खरोखरच खूप स्वस्त निघतं, विशेषतः सहा-आठ माणसं असली की. म्हणूनच म्हणते, दुसऱ्या कोणाच्या अनुभवावर जाऊ नका, तुमची माणसं आणि तुमचे दिवस घालून आकडा काढा.

९. बुकिंग करताना

डिस्नेला नुसती खोली आणि पॅकेज हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि कॅन्सल करायचे नियम वेगळे. नुसती खोली घेतलीत तर आत्ता एका रात्रीचे पैसे भरायचे आणि पोचायच्या ५ दिवस आधीपर्यंत (ऑनलाइन बुक केली असेल तर ६) रद्द केली तर पूर्ण परत. पॅकेज, म्हणजे खोली अधिक तिकिटं, त्याला ३० दिवस आधीची मुदत, त्यानंतर पैसे कापतात. तारखा डळमळीत असतील तर नुसती खोली घ्या, तिकिटं मागून. खोली लवकर धरून ठेवायची आणि नंतर सूट जाहीर झाली तर त्या दरात बदलून मागायची, हे अगदी सर्रास चालतं.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर कॅन्सल न होणारा स्वस्त दर घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

१०. जवळ काय ठेवायचं

– परदेशातून येणाऱ्यांनी सगळ्यांचे पासपोर्ट, अमेरिकेतल्यांनी मोठ्यांचं फोटो ओळखपत्र
– ज्याच्या नावावर बुकिंग त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. चेक-इनला काही रक्कम अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे काही दिवस अडकतात
– बुकिंग नंबर फोनमध्ये आणि कागदावर पण
– डिस्नेचं अ‍ॅप, त्यात हॉटेल आणि तिकिटं एकाच खात्याला जोडलेली. हे घरीच करा, जोडलेलं नसेल तर ७ दिवस आधीचं लायटनिंग लेन बुकिंग उघडत नाही
– गाडी घेणार असाल तर लायसन्स आणि मुलांच्या सीटची सोय
– पॉवर बँक, कारण दिवसभर सगळं त्या अ‍ॅपवरच

११. पोचल्यावर

चेक-इन दुपारी ३ ला, व्हिला असेल तर ४ ला, चेक-आउट सकाळी ११. सकाळचं विमान असेल तरी थेट हॉटेलवर जा, बॅगा ठेवून घेतात आणि पूल वापरता येतो, तेव्हा मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या बॅगेत वर ठेवा. खोली तयार झाली की फोनवर नंबर येतो. सामान उघडायच्या आधी पलंग किती, बाळाचा पाळणा आलाय का, मधलं दार आहे का, एसी नीट चालतोय का एवढं बघून घ्या आणि काही चुकलं असेल तर लगेच खाली सांगा, बॅगा पसरल्यावर खोली बदलायला कोणालाच नको असतं. डिस्नेच्या साध्या खोल्यांत छोटा फ्रीज असतो पण मायक्रोवेव्ह नसतो, तो खालच्या फूड कोर्टमध्ये, बाळाचं खाणं गरम करायचं असेल तर तिथे. मग संध्याकाळी एकदा बसच्या थांब्यापर्यंत किंवा पाळण्याच्या स्टेशनपर्यंत मुलांना घेऊन चालत जाऊन या आणि घड्याळ लावा, दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजता दार ओढायचं ते त्यावरून ठरवा.